ओटिलीबाईंविरुद्धचा अहवाल

११ मे १६०९, ग्रुन्सहाइम

आजपासून ही वही लिहायला घेतली, आणि त्याला कारण आहे एक बाई. नाव ओटिली ब्रँडाउ. विधवा, वय चाळिशीच्या आसपास. नवरा टांकसाळीत चांदी पारखायचा. तो गेल्यावर हिनं त्याची भट्टी, भाता, काचेची भांडी सगळं ताब्यात घेतलं आणि औषधं बनवायला लागली. आधीच्या दोन गावांनी तिला घालवून दिलं. आता मार्चपासून आमच्या गावात, हंस खाणावळीच्या मागच्या बाजूला, तिचं धुराडं दिवसभर धूर ओकतंय.

आज नगराध्यक्ष फोग्टलिन यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर हाफ्नर, बावीस वर्षं तुम्ही या गावाचे वैद्य. ती बाई करते ते औषध की थोतांड, हे आम्हा सुतार-खाटकांना काय कळणार? तुम्ही जा, बघा, लिहून काढा. दोन जुलैला सभेपुढे सांगा. तुमच्या शब्दावर ठरवू. थोतांड निघालं तर भट्टी फोडायची आणि बाईनं आठ दिवसांत गाव सोडायचं."

मी म्हटलं, आठ कशाला, चार पुरेत.

ही भट्टीवाली मंडळी हल्ली जिकडेतिकडे झालीत. आम्ही विद्यापीठात शिकलो ते साधं आहे: शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांचा तोल बिघडला की माणूस आजारी. मग शीर उघडून रक्त काढा, जुलाब द्या, तोल सावरा. दीड हजार वर्षं हेच चाललंय. आणि हे कोळसेखाऊ म्हणतात, माणूस म्हणजे मीठ, गंधक आणि पारा! माणूस आहे की लोणच्याची बरणी?

मी तिचा एकेक शब्द टिपून घेणार आहे. त्यांची ताकद सगळी शब्दांतच असते. सभेपुढे ते शब्द नुसते वाचून दाखवले तरी लोक पोट धरून हसतील.

१३ मे

गेलो. लाल झगा, डॉक्टरची टोपी, हातात काठी, असा पुऱ्या इतमामानं गेलो.

दार उघडून तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या मूत्रपंडित! मला वाटलंच होतं, तुम्हीच येणार. बाटली कुठाय? की आज रिकाम्या हातानं?"

आम्ही रोग्याची लघवी काचेच्या बाटलीत धरून उजेडात पाहतो, त्यावरून ही माणसं आम्हाला मूत्रपंडित म्हणतात. शब्द नंबर एक. लिहून घेतला.

मी शांतपणे म्हणालो, "बाई, मी नगरसभेच्या कामासाठी आलोय."

"मग बसा की. त्या स्टुलावर नको, तिथं गंधक सांडलंय."

तोवर मी बसलो होतो.

संध्याकाळी कुनिगुंडे झग्याचा मागचा भाग घासत बसली होती. ही माझी घरकामवाली, माझ्या आईच्या वेळची. तिला गप्प कसं बसायचं ते अजून कुणी शिकवलेलं नाही. "काय हो मालक, बाई म्हणे दिसायला बरी आहे?" मी म्हटलं, मी काही ते बघायला गेलो नव्हतो. म्हणाली, "अच्छा, मग बरीच असणार."

१६ मे

आज अकरा शब्द मिळाले. फार उपयोगी दिवस.

त्यातला एक 'तार्तार'. वाइनच्या पिंपाच्या आतून जो कडक थर बसतो ना, तोच थर म्हणे माणसाच्या मूत्रपिंडात आणि सांध्यांत बसतो. त्यातून मुतखडा होतो आणि गुडघे धरतात. मी म्हटलं, माणूस काय पिंप आहे? ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आपले नगराध्यक्ष बघितलेत ना?" मला हसू आलं. हसायला नको होतं. त्याची नोंद इथे करून ठेवतो.

दुसरा शब्द 'आर्केउस'. प्रत्येकाच्या पोटात म्हणे एक अदृश्य कारागीर बसलेला असतो. तो खाल्लेल्या अन्नातून चांगलं निवडतो आणि वाईट बाहेर टाकतो. तो आळशी झाला की माणूस आजारी.

"तुमचा तर केव्हापासून संपावरच आहे," ती म्हणाली.

मी चकित झालो. माझ्या पोटाच्या तक्रारीबद्दल मी कुणालाही बोललो नव्हतो. पाच वर्षं झाली, जेवलं की जळजळ, करपट ढेकर, सकाळी तोंड कडू. स्वतःवर सगळे उपाय करून झालेत. तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "अहो, आल्यापासून सात ढेकर दिलेत. मी मोजलेत."

२० मे

हे सभेपुढे सांगितलं की खेळ खलास!

मेलिसा नावाची एक वनस्पती आहे, पानं चुरगाळली की लिंबासारखा वास येतो. पोटदुखीच्या औषधासाठी बाईनं त्याचा ढीगभर पाला कुटला, वाइनमध्ये मिसळला, एका मोठ्या काचेच्या कुपीत भरला आणि तोंड मेणानं बंद केलं. मला वाटलं, आता भट्टीवर ठेवणार. तर बाई कुपी कुशीत घेऊन मागच्या अंगणात गेली, जिथं खाणावळीच्या घोड्यांची लीद साठवतात. आणि तिनं ती कुपी लिदीत पुरली! गळ्यापर्यंत!

"चाळीस दिवस," हात झटकत ती म्हणाली. "याला आम्ही घोड्याचं पोट म्हणतो. आग कमी-जास्त होते, कोळसे विझतात, माणसाचा डोळा लागतो. लीद तशी नाही. मध्यम ऊब, दिवसरात्र सारखी. हात घालून शंभर आकडे मोजता आले पाहिजेत. त्याआधी चटका बसला तर जास्त गरम, आणि मजेत दोनशे मोजलेत तर गार. घाला हात."

मी घातला. पुराव्यासाठी. शंभरला बरोबर काढला.

"पहिला अर्क तुम्हालाच दाखवीन," ती म्हणाली. "मग खुशाल म्हणा, थोतांड आहे."

एकोणतीस जूनला चाळीस दिवस भरतात. सभा दोन जुलैला. बरं जमतंय.

२२ मे

आज एक गोष्ट केली, ती इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. तिनं मला पोटासाठी पोवळ्याचं मीठ आणि काही थेंब दिले. मी पदवी घेताना वैद्यमंडळासमोर शपथ घेतली आहे, की भट्टीवाल्यांचं औषध कधी देणार नाही आणि कधी घेणार नाही. घेतलं तर नाव खोडतात आणि झगा काढून घेतात. पण औषध घेऊन पाहिल्याशिवाय ते निरुपयोगी आहे हे सांगणार कसं? घेतलं. चव बरी होती.

२९ मे

सात दिवसांत एकही करपट ढेकर नाही. रविवारी डुकराचा खूर आणि आंबवलेला कोबी खाल्ला, तरी नाही.

कारण स्पष्ट आहे. सोळा तारखेला, चंद्र योग्य राशीत असताना, मी स्वतःच्या डाव्या हाताची शीर उघडली होती. तिचा परिणाम आता दिसतोय. थेंब मी नुसते पुराव्यासाठी चालू ठेवलेत.

कुनिगुंडे म्हणाली, "मालक, शीर तर तुम्ही गेली पाच वर्षं दर महिन्याला उघडता." या बाईला वैद्यकातलं काही कळत नाही.

४ जून

आज गेलो नाही. काही घडलं नाही. दिवस भलताच लांब होता.

५ जून

पंधरा नवे शब्द मिळतील म्हणून गेलो. मिळाले दोनच. बाकी वेळ तिनं मला काचनळी वितळवून वाकवायला शिकवलं. भट्टीवाल्यांच्या फसवणुकीच्या पद्धती आतून माहीत असाव्यात म्हणून मी शिकून घेतलं. तिसरी नळी अगदी सुरेख वाकली. ती म्हणाली, "हात चांगलाय तुमचा. उगीच लोकांच्या शिरा कापत बसलात." मी ती नळी घरी आणून खिडकीत ठेवली आहे.

९ जून

आजची हकिगत लिहितो, सगळी.

ओटिलीबाई सकाळीच शेजारच्या वाडीत गेली होती, कुणा शेतकऱ्याच्या म्हातारीला कळा येत होत्या. मी तिथं गेलो तेव्हा दार बंद. परत फिरणार, एवढ्यात मागच्या अंगणात गाडीचा आवाज. हंस खाणावळीचा मालक लॉरेन्झ फावडं घेऊन लिदीच्या ढिगावर उभा होता, आणि निम्मा ढीग गाडीत!

मी ओरडलो, "अरे थांब! काय करतोयस?"

"सलगमाच्या शेतात टाकायचीय, डॉक्टरसाहेब. कालच ठरलंय."

"त्यात कुपी आहे!"

"बाईची ना? काढतो की बाजूला आणि ठेवतो भिंतीशी."

भिंतीशी! वीस दिवस एका उबेत राहिलेली कुपी सकाळच्या गार वाऱ्यात भिंतीशी! काच तडकली असती, नाहीतर आतलं आंबून वाया गेलं असतं. मेलिसाचा असा कोवळा पाला आता पुढच्या वसंतापर्यंत मिळणार नाही. मी काठी आडवी धरून त्या ढिगासमोर उभा राहिलो. लाल झगा घालून. आजूबाजूला बायका जमल्या.

लॉरेन्झ म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच तर तिला गावाबाहेर काढणार म्हणतात ना सगळे?"

"हो, काढणारच!" मी म्हणालो. "पण पुराव्याला हात लावायचा नाही. आणि तू काय माणूस आहेस की कोण? एका बाईची वीस दिवसांची मेहनत तू सलगमाला घालणार?"

तो डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "मग उरलेल्याची ऊब पुरेल का?" प्रश्न बरोबर होता. मी बाह्या वर करून हात घातला. दीडशेपर्यंत मोजलं तरी चटका नाही. गार होत होतं. मग मी आणि लॉरेन्झनं मिळून तबेल्यातली ताजी लीद काढली आणि कुपीभोवती लिंपली. पुन्हा हात घातला. शंभरला चटका बसला. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

दुपारी ओटिलीबाई परत आली तर मी तसाच ढिगाशेजारी बादलीवर बसलेलो. तिनं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नेहमीसारखं काही टोचून बोलेल असं वाटलं. पण ती आत गेली, गरम पाणी घेऊन आली आणि माझे हात धुऊन दिले.

कुनिगुंडेनं मला घरात घेण्याआधी अंगणातच झगा काढायला लावला.

१७ जून

आज मी तिला विचारलं, आधीच्या गावांनी का काढलं. ती भाता मारत होती, थांबली नाही. "पहिल्या गावात मला वाटलं, लोक बरे होतायत, तेवढं पुरे. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, थोतांड आहे. त्यानं एकदाही येऊन बघितलं नव्हतं. भट्टी फोडली. दुसऱ्या गावात नवीन बांधली. तिथल्या डॉक्टरनंही तेच केलं, तीही फोडली. ही तिसरी. विटा मी एकटीनं रचल्यात, डॉक्टरसाहेब. चौथी रचायचं बळ नाही आता. इथं नाही म्हणालात तर भावाकडे जाईन, त्याची मुलं सांभाळीन आणि बाकीचं आयुष्य मोजे विणीन."

मला त्या दोन्ही डॉक्टरांचा असा संताप आला! न बघता, न समजून घेता एका माणसाचं काम मोडायचं? असले लोक आमच्या व्यवसायाला काळिमा आहेत.

घरी येऊन अहवालाला सुरुवात केली. पहिलं वाक्य लिहिलं: 'ओटिली ब्रँडाउ हिची विद्या हे थोतांड आहे.' पुढचं सुचेना. बहुधा थकवा असावा.

२९ जून

कुपी काढली. मेण फोडलं, गाळलं, मंद आचेवर अर्क उतरवला. पहिला थेंब पडला तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. तिनं वाटी आधी माझ्या नाकाशी धरली. लिंबाचा वास, पण खूप खोलातून येणारा. मी म्हणालो, छान आहे. ती म्हणाली, "हे लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

१ जुलै

अहवाल संपवला. चार पानं. त्रेचाळीस शब्द, प्रत्येकापुढे खुलासा. शेवट: भट्टी फोडावी. भाषा कडक आहे, मुद्दे चोख आहेत. दोनदा वाचला. दोन्ही वेळा वाचून झाल्यावर काहीतरी दुखल्यासारखं वाटलं. पोट नव्हे, पोट उत्तम आहे. जरा वर.

२ जुलै

नगरसभा. हॉल खच्चून भरलेला. ओटिलीबाई पुढच्या बाकावर एकटी, काळ्या पोशाखात, हात मांडीवर.

मी उभा राहून वाचायला सुरुवात केली. "आरोप पहिला. ही बाई औषध घोड्याच्या लिदीत शिजवते."

हॉलमध्ये हशा पिकला. खाटिक ओरडला, "लिदीत? मग बिअरमध्ये पण टाकत असेल थोडी!" सगळे खिदळायला लागले. हेच तर मला हवं होतं. आणि मला एकदम असा राग आला, की कानशिलं तापली.

"हसता काय!" मी म्हणालो. "कोंबडी अंड्यावर एकवीस दिवस बसते तेव्हा हसता का? सारखी ऊब लागते, समजलं? कोळशाची आग ती देऊ शकत नाही. हात घालून शंभर मोजता आले पाहिजेत, न कमी न जास्त. मी स्वतः मोजलेत!"

"तुम्ही स्वतः?" नगराध्यक्ष म्हणाले.

"मग काय! पुढं." मी कागदाकडे पाहिलं. "आरोप दुसरा. ती म्हणते, माणसाच्या सांध्यांत पिंपासारखा थर बसतो." पुन्हा कुणीतरी हसलं. मी खाटकाकडे बोट केलं. "तू हसू नकोस. म्हाताऱ्या बैलाचं मूत्रपिंड कापताना सुरीला काय लागतं तुझ्या?"

तो म्हणाला, "खडे लागतात खरे."

"झालं तर मग!"

तिसरा आरोप, चौथा, दहावा. प्रत्येक शब्दाला कुणीतरी फिदीफिदी हसायचं, आणि मी त्याला समजावून सांगायचो. किती वेळ बोललो माहीत नाही. मधे एकदा ओटिलीबाईकडे पाहिलं तर तिनं रुमाल तोंडावर दाबून धरला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. म्हणून मी आणखी जोरात बोललो.

शेवटी नगराध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, बसा जरा. घाम पुसा. मला एकच सांगा. तुम्ही बावीस वर्षं आमचे वैद्य, खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत. उद्या तुमचं स्वतःचं पोट दुखलं, तर औषध कुणाचं घ्याल?"

मी चौथं पान हातात धरून उभा होतो. 'भट्टी फोडावी' तिथंच लिहिलेलं होतं. 'माझंच' एवढं म्हटलं असतं तरी झगा वाचला असता. मी सोळा तारखेची शीर आठवून पाहिली. चंद्राची रास आठवून पाहिली. आणि पहिल्यांदाच मला कळलं, की सहा आठवडे मी स्वतःशी किती धादांत खोटं बोलतोय.

"तिचं," मी म्हणालो. "घेतोच आहे. बावीस मेपासून. पाच वर्षांचं दुखणं सात दिवसांत गेलं. बाईची विद्या खरी आहे. माझा अहवाल चुकलाय." आणि चारही पानं मी फाडली.

मागून कुनिगुंडेचा आवाज आला, "देवा, सुटले एकदाचे!"

सभेनं हात वर करून ठरवलं. भट्टी राहील, बाई राहील. आणि वैद्यमंडळाच्या प्रतिनिधीनं, तो कोपऱ्यात बसलाय हे मी विसरूनच गेलो होतो, उठून माझं नाव विचारलं. पूर्ण नाव, पदवीच्या सालासकट.

४ जुलै

काल सकाळी वैद्यमंडळाला मी स्वतःच पत्र पाठवलं. शपथ मोडली हे कबूल केलं. झगा धुऊन, घडी घालून, बांधून पाठवला. माणूस नुसत्या कोटात इतका हलका असतो, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. गावाचा वैद्य म्हणून राहा, झगा नसला तरी चालेल, असं नगराध्यक्षांचं म्हणणं. बघू.

आज दुपारी तिच्याकडे गेलो. दार उघडंच होतं.

"या," ओटिलीबाई म्हणाली. मूत्रपंडित म्हणाली नाही. मग भुवया उंचावून: "आज काय काम काढलंत? अहवाल तर फाडलात. शब्द सगळे झाले. पुरावा नको. पोट बरंय. कुपी बाहेर आलीय."

मी कारण शोधलं. उंबरठ्यावर उभा राहून, पन्नास वर्षांचा शिकलेला माणूस, मी खरंच कारण शोधलं. एकही सापडलं नाही.

"तुम्हाला बघायला आलो," मी म्हणालो. "मला वाटतं, मी रोज त्यासाठीच येत होतो."

तिनं हातातला चिमटा खाली ठेवला. चेहरा लाल झाला होता, भट्टी तर अजून पेटवलेलीही नव्हती. "हे लॉरेन्झच्या घोड्यांनाही माहीत होतं, सेवेरिन," ती म्हणाली. माझ्या नावानं मला आई गेल्यापासून कुणी हाक मारलेली नाही.

मग तिनं स्टूल पुढं केलं, आधी फडक्यानं पुसून. म्हणाली, "बसा, आणि भाता मारा." मी संध्याकाळपर्यंत भाता मारला. दंड भरून आलेत आणि लेखणी नीट धरवत नाही. उद्या सकाळी पुन्हा जायचंय.